मासमीन आणि देशभक्ती

२०२४च्या जानेवारीत आपल्याला लक्षद्वीपचा एकदम पुळका आला. पंतप्रधान बेटांवर जाऊन आले, त्यांची समुद्रातली छायाचित्रं घरोघरच्या फोनवर पोचली, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर कुत्सित शेरे मारले आणि बघता बघता मालदीवची सहल रद्द करून लक्षद्वीपला जाणं हे देशकार्य ठरलं. सुट्टी आणि देशभक्ती एकाच तिकिटात मिळत असेल तर कोणाला नको? त्या गदारोळात पांढरी वाळू, निळं पाणी, विमानाचं भाडं, प्रवेशपरवान्याचे नियम, सगळ्याची चौकशी झाली. तिथली माणसं काय पिकवतात, काय पकडतात, ते कोण विकत घेतं आणि शेवटी त्यांच्या हातात काय पडतं, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

हा प्रश्न पर्यटनाच्या आधी विचारायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आपण जे सौंदर्य बघायला निघालो आहोत ते टिकलं आहे ते तिथल्या लोकांच्या पोट भरण्याच्या रीतीमुळे. ती रीत मोडली तर बघायला फार काही उरणार नाही. आणि ती मोडायला बुलडोझरच लागतो असं नाही. तिच्या मालाला भाव न देणं एवढंही पुरतं.

ही बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेली आहेत. सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीही नाही. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर. प्रवाळकड्यांच्या आतलं उथळ, शांत पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते मात्र ४,२०० चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर भरली. जवळजवळ सगळे मुसलमान आणि त्यातले बहुतेक अनुसूचित जमातींत मोडणारे. घराणं आईकडून चालतं, वडिलोपार्जित मालमत्तेचा वारसाही पुष्कळसा बायकांच्या वंशातून उतरतो. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी आपल्या सुधारकांना केवढा वाद घालावा लागला हे आठवलं, की या ‘मागास’ बेटांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर.

आता मुख्य गोष्ट. लक्षद्वीपचा माणूस मासा खातो, पण तो प्रामुख्यानं दाराशी असलेल्या प्रवाळातला मासा खात नाही. तो खातो कुपा. बाजारात ज्याला ट्यूना म्हणतात तोच आपल्या कोकणातला कुपा. तिथला कुपा पट्टेदार, खुल्या समुद्रात थव्यानं फिरणारा. तो पकडण्याची पद्धत मिनिकॉय बेटावरच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची. यांत्रिक होड्या आल्यावर, १९६०च्या दशकानंतर, मत्स्यखात्याच्या प्रयत्नानं ती इतर बेटांवरही पसरली. पहाटे लगूनमध्ये प्रवाळाच्या झुबक्यांभोवती बारीक जाळं लावून बोटाएवढे जिवंत मासे धरायचे. होडीच्या पोटात एक टाकी असते, तिच्यात समुद्राचं पाणी खेळतं राहतं, त्यात हे आमिष जिवंत ठेवायचं. मग कड्याबाहेर जायचं आणि आकाशात पक्ष्यांची गर्दी कुठे आहे ते शोधायचं, कारण पक्षी तिथे कुप्याचा थवा. एक जण मुठीनं जिवंत आमिष फेकतो, पाण्यावर पावसासारखे फवारे उडवले जातात, त्यामुळे कुप्याला वाटतं लहान मासे उसळताहेत, आणि होडीच्या मागच्या फळीवर उभे असलेले काठीवाले एकेक मासा उचलून खांद्यावरून मागे टाकतात. गळाला अडकवणारा उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा फळीवर पडता पडताच सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात. एका वेळी एक मासा. जाळ्यात फसलेलं कासव नाही, डॉल्फिन नाही, उगाच मेलेली पिल्लं नाहीत.

पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं आपल्या किनाऱ्यावर काय केलं ते मालवण-रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमाराला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्र सरकारला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. एलईडीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. दोन्हींच्या अंमलबजावणीची दशा काय आहे ते बंदरावर कोणालाही विचारा. आपण कायद्यानं जे आणू पाहतो आणि आणू शकत नाही, ते लक्षद्वीपच्या लोकांनी रीत म्हणून पाळलं आहे.

या रीतीचा प्रवाळाशी संबंध काय, हे उलगडायला सागरविज्ञानाला वेळ लागला. १९९८ साली एल निन्योमुळे समुद्र तापला आणि लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. तेव्हापासून नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं पाण्याखाली उतरून मोजणी करत आले आहेत. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, आणि एकदा शेवाळानं जागा धरली की नव्या प्रवाळाला पाय टेकायला ठिकाण राहत नाही. ते शेवाळ खरवडून खाणारे मासे, विशेषतः पोपटमासे, भरपूर असतील तर कडा स्वच्छ राहतो आणि प्रवाळ पुन्हा धरतं. लक्षद्वीपच्या कड्यांवर हे मासे भरपूर होते, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे बेटावरच्या चुलीवर कुपा शिजत होता. लोकांनी कुपा खाल्ला म्हणून पोपटमासा वाचला, पोपटमासा वाचला म्हणून १९९८ नंतर कडा सावरला. पोपटमासा प्रवाळाचा चुना चावून बाहेर टाकतो त्याचीच वाळू होते, आणि बेट म्हणजे अखेर प्रवाळाची वाळू. ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर फोटो काढायला आपण जाणार, तो किनारा असा घडत आलेला आहे.

पण सावरायला वेळ लागतो, आणि समुद्र आता तेवढा वेळ देत नाही. २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रवाळ पांढरं पडलं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांपाशी केलेल्या १९९८ ते २०२२ या काळातल्या मोजणीत जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आलेलं दिसलं. समुद्र तापवणारा धूर त्या बेटांवरच्या मूठभर जनरेटरांचा नव्हे. तो आपल्या शहरांचा, कारखान्यांचा आहे. त्यामुळे बेटांना ‘मदत’ करण्याची भाषा मला थोडी चोरासारखी वाटते. आपण देणं लागतो.

अशा वेळी कड्यावरचा प्रत्येक पोपटमासा मोलाचा. आणि नेमक्या याच काळात मुख्य भूमीवरच्या हॉटेलांना हेकरू आणि तांबोशी हवी म्हणून कड्यावरच्या माशांची व्यापारी मासेमारी वाढू लागल्याचं संशोधक सांगत आहेत. मच्छीमाराला यात दोष देणं सोपं आहे, पण कुप्याला भाव नसेल आणि हेकरूला असेल, तर तो कुठे जाईल?

कुप्याला भाव का नाही? कारण तो बेटावरून ताजा हलवणं अवघड. बर्फ अपुरा, शीतगृहं अपुरी, बोटीचा प्रवास लांबचा. म्हणून तिथल्या लोकांनी फार पूर्वीच उपाय काढला: मासमीन. कुप्याचे लांब तुकडे करून समुद्राच्या पाण्यात शिजवायचे, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धुरवायचे आणि मग कित्येक दिवस उन्हात वाळवायचे. शेवटी तुकडा लाकडासारखा टणक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. साधारण पाच किलो कुप्यातून एक किलो मासमीन निघतो. या कामात बायकांचे हात मोठे. श्रीलंकेच्या सांबोलात आणि भाज्यांच्या रश्शांत जी ‘उंबलकड’ घालतात तो हाच प्रकार, आणि लक्षद्वीपचा बराचसा मासमीन व्यापाऱ्यांमार्फत तिकडेच जात आला. म्हणजे गिऱ्हाईक परदेशात, ते जवळजवळ एकच, आणि मध्ये व्यापारी मोजके. तिकडे दर पडला की मिनिकॉयच्या घरात चूल विचारात पडते. १९६९ मध्ये मिनिकॉयला सरकारी डबाबंद कारखाना निघाला, सहकारी पणन संस्थाही बेटोबेटी आहेत. पण भारतातल्या सामान्य गिऱ्हाइकाला मासमीन हा शब्दसुद्धा माहीत नाही.

बेटांच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. काथ्या हा त्यांचा जुना माल. नारळाची सोडणं लगूनच्या कडेच्या चरांत महिनोन्‌महिने कुजवायची, बडवायची, आणि बायकांनी वळायची. कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या राज्यात आणि नंतर उत्तरेकडच्या अमिनी गटात कंपनी सरकारच्या अमलात काथ्याची मक्तेदारी होती. काथ्या सरकारलाच घालायचा, भाव सरकारच ठरवणार, मोबदल्यात तांदूळ मिळणार, आणि तांदळाचा भावही सरकारचाच. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. राज्यं बदलली, विकणाऱ्यानं भाव ऐकायचा आणि घेणाऱ्यानं सांगायचा, ही रचना मात्र पुष्कळशी तशीच आहे.

गिऱ्हाइकाचंही कर्तव्य असतं, ही कल्पना महाराष्ट्राला तरी परकी नसावी. १८७७च्या दिल्ली दरबारात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातानं विणलेल्या जाड्याभरड्या खादीच्या पोशाखात गेले होते. संस्थानिकांच्या जरतारीत तो पोशाख कसा दिसला असेल याची कल्पना करा. त्यांची स्वदेशी घोषणांवर थांबली नाही; त्यांनी देशी मालाची दुकानं काढायला लावली, कारण विणकराला जगवायचं तर त्याचं कापड कोणीतरी पैसे मोजून घेतलं पाहिजे. आजची स्वदेशी मात्र फोनवर मालदीववर बहिष्कार घालते आणि लक्षद्वीपहून येताना आठवण म्हणून शंख उचलून आणते. (प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आणि मालाचं गाव विचारून जास्त पैसे मोजायचे कसे, हे आपल्याला येत नाही असं थोडंच आहे? देवगडच्या हापूसची पेटी घेताना आपण किती चौकश्या करतो. त्यासाठी हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मालदीवनं हेच कुप्याच्या बाबतीत केलं. काठीनं पकडलेल्या त्यांच्या कुप्याला २०१२ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, आणि युरोपातलं गिऱ्हाईक तो डबा वाचून घेऊ लागलं. म्हणजे ज्या मालदीवला धडा शिकवायचा म्हणून आपण पेटून उठलो, त्यांच्याकडून एक धडा घेण्यासारखा होता, तो राहूनच गेला. आमच्या काही शाकाहारी मित्रांना यात आपलं काय, असं वाटेल. त्यांच्यासाठी लक्षद्वीपची नारळाची चक्कर आहे, म्हणजे नारळाच्या गोड रसाचा गूळ. त्याच रसाचा सिरका आहे. खोबरं आणि गूळ केळीच्या सुक्या पानात गुंडाळून केलेले लाडू आहेत. हे सारं मुंबईच्या एखाद्या सहकारी ग्राहक भांडारात का दिसू नये?

आता विज्ञानाबद्दल. सागरविज्ञान बेटांवर येतं ते दोन प्रकारांनी. एक येतं, मोजतं, निबंध लिहितं आणि जातं. १८९९-१९०० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्डिनर मिनिकॉय आणि मालदीवला येऊन गेले, त्यांचे ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात, त्याबद्दल आदरच आहे. दुसरं विज्ञान बेटावरच्या माणसाचा प्रश्न आपला करतं. पिण्याच्या पाण्याचं उदाहरण घ्या. प्रवाळबेटावर गोडं पाणी म्हणजे वाळूतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. जास्त उपसलं की विहीर मचूळ. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ मध्ये कवरत्तीला असा प्रकल्प उभा केला की ज्यात रसायन नाही, पडदे नाहीत. पृष्ठभागावरचं सुमारे २८ अंशांचं पाणी हवा काढलेल्या टाकीत सोडायचं, तिथे ते कमी दाबामुळे वाफ होतं, आणि साडेतीनशे मीटर खोलवरून नळानं खेचलेलं थंडगार पाणी त्या वाफेला पुन्हा पाणी करतं. दिवसाला एक लाख लिटर. बेटाशेजारी लगेच समुद्र खोल जातो, हे तिथल्या मच्छीमाराचं रोजचं ज्ञान या यंत्राच्या मुळाशी आहे. पुढे मिनिकॉय, अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. त्यांना लागणारी वीज डिझेलवर निघते, हे त्यातलं व्यंग, आणि समुद्राच्या उष्णतेवरच वीज काढण्याचा प्रयत्न संस्था करते आहे.

अगत्तीवर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं बेटावरच्या बायकांना शोभेची कोळंबी टाक्यांत वाढवायला शिकवलं. कड्यावरून पकडून विकण्याऐवजी घराशेजारी वाढवून विकणं. इथे विज्ञान आणि कमाई एकाच टाकीत आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं समुद्रशेवाळाच्या शेतीचे प्रयोग केले ते तिथल्याच देशी जातीवर, हेही शहाणपणाचं. कारण झटपट वाढणारी परदेशी कप्पाफायकस जात मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटापाशी प्रवाळावर पसरून बसली, तो अनुभव ताजा आहे. उत्पन्न वाढवा म्हणणारे अधिकारी आणि थांबा म्हणणारा शास्त्रज्ञ यांच्यात बेटाला दुसऱ्याची गरज जास्त आहे. मात्र थांबा म्हटल्यावर त्या घरात पैसा कुठून येईल हेही शास्त्रज्ञानं सांगितलं पाहिजे. निव्वळ ‘हात लावू नका’ सांगणारं पर्यावरणप्रेम भरल्या पोटाचं असतं. याच्या उलट एक उदाहरण: अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं इतकी वाढली की त्यांनी समुद्रगवताची कुरणं फस्त केली. त्या कुरणांत वाढणारे मासे कमी झाले, आणि मच्छीमार कासवांवर चिडले. या तक्रारीकडे अडाण्यांचा राग म्हणून न पाहता अभ्यासकांनी कुरणं मोजली, तेव्हा मच्छीमारांच्या म्हणण्यात तथ्य निघालं.

आमिषाचे मासे हा तर सगळ्या साखळीचा कच्चा दुवा. ते लगूनमधल्या जिवंत प्रवाळाच्या आसऱ्यानं राहतात. प्रवाळ मेलं, धक्क्यासाठी लगून उपसलं, गाळ बसला, की आमिष कमी. आमिष नाही तर काठीची मासेमारी नाही. मग मासमीनही नाही आणि पोपटमाशाचं रक्षणही नाही. बेंगळुरूच्या दक्षिण फाउंडेशननं मच्छीमारांनाच आपल्या मासळीच्या नोंदी ठेवायला सुचवलं, आणि अनेक होडीवाले त्या नियमानं ठेवत आले. ज्यानं मासा पकडला त्यानंच आकडा लिहिला. मला यात विज्ञानाइतकीच लोकशाहीही दिसते.

दुर्दैवानं कारभाराची दिशा उलटी गेली. २०२१च्या मे महिन्यात शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मासेमारी ही खाती निवडून आलेल्या जिल्हा पंचायतीकडून काढून प्रशासनाकडे घेतली गेली. त्याच सुमारास किनाऱ्यावरची मच्छीमारांची खोपटी नियमबाह्य म्हणून पाडली गेली. जाळी, काठ्या, वाळवणाचं सामान ठेवायची ती जागा होती. किनारा मोकळा करायचा तो कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा बेटांवरच्या माणसांनी विचारला, उपोषणं केली, आणि इकडे आपण ती बातमी वाचून पान उलटलं.

पर्यटन नकोच, असं मी म्हणत नाही. बेटावरच्या शिकलेल्या मुलांना काम हवं आहे, आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्याला देऊन कुटुंब चार पैसे कमवत असेल तर उत्तमच. पण मिनिकॉय, कदमत आणि सुहेली इथे लगूनमध्ये खांब रोवून पाण्यावर बंगले बांधण्याच्या ज्या योजना आहेत त्या वेगळ्या. जिथे खांब येणार तिथेच आमिषाचं जाळं पडतं. त्या बंगल्यातल्या पाहुण्याच्या ताटात कुपा वाढणार की हेकरू, पाणी कुठून येणार, मैला कुठे जाणार, यावर कंत्राटाच्या वेळी बोलणं झालं पाहिजे, उद्घाटनाच्या वेळी नव्हे. सहलीला जाणाऱ्यानं एवढं तरी करावं: राहायची जागा बेटावरच्या माणसाची आहे का ते आधी विचारावं, ताटात कड्यावरचा मासा आला तर कुपा मागावा, आणि येताना पिशवीत किलोभर मासमीन घालून आणावा. तो किसून सोलकढी-भाताबरोबर तोंडी लावला तर सोड्यांवर वाढलेल्या जिभेला परका वाटणार नाही.

बाकीचं काम सरकार दरबारचं आहे. बर्फाचे कारखाने, मासमीनचं मानांकन, पंचायतीचे अधिकार परत, आणि लगूनमधल्या कुठल्याही बांधकामाच्या फायलीत मच्छीमारांच्या नोंदवह्यांना पुरावा म्हणून जागा, या चार गोष्टी संसदेत मागता येतील. लक्षद्वीपचा लोकसभेत एकच खासदार आहे. महाराष्ट्राचे ४८ आहेत.